‘शीर तुटली’ म्हणजे नेमके काय तुटले? एका टाक्याचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यात कुणाच्या हातावर कोयता बसला, कडबाकुट्टीत बोट गेले किंवा काच लागून मनगट चिरले की पहिले वाक्य ठरलेले असते: “शीर तुटली.” कुणी “नस कापली” म्हणते. ऐकणाऱ्याला तेवढे पुरते. पण या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली रक्तवाहिनी, जिच्यातून रक्त वाहते. दुसरी मज्जातंतू, ज्यातून संवेदना आणि हुकूम जातात. तिसरी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी. स्नायू कोपराखाली आखडतो आणि बोटाचे टोक वाकते ते या दोरीमुळे. रक्तवाहिनी तुटली तर रक्त दिसते, मज्जातंतू तुटला तर बधिरपणा जाणवतो. कंडरा तुटली तर बोट हलत नाही, इतकेच. जखमेच्या दुखण्यात, घाबरण्यात आणि पट्टीच्या गुंडाळ्यात ते कळतही नाही. कातडी शिवली जाते, रक्त थांबते, माणूस घरी जातो. पंधरा दिवसांनी टाके निघतात तेव्हा लक्षात येते की बोट तसेच सरळ उभे आहे.

ही शब्दांची गफलत आपल्याच भागाची नाही. ती दोन हजार वर्षे जुनी आहे आणि तिने जगभरातल्या असंख्य माणसांची बोटे घालवली आहेत. तुटलेली कंडरा शिवावी की नाही, आणि शिवली तर तो टाका किती ओझे पेलेल, या प्रश्नाचा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे. त्यात ग्रीक आहेत, सुश्रुत आहे, बगदाद आणि बुखारा आहे, आणि शेवटी आपला ऊसतोड कामगारही आहे.

प्राचीन ग्रीक भाषेत मज्जातंतूला आणि कंडरेला बराच काळ एकच शब्द होता. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही दोरीसारख्या. दुसऱ्या शतकातला गेलन हा मोठा वैद्य. तारुण्यात त्याने पर्गामम गावी झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांच्या जखमा बऱ्या केल्या होत्या. शरीर त्याने बारकाईने पाहिले होते. पण कंडरा ही मज्जातंतू आणि अस्थिबंध यांच्या मिश्रणातून बनते, असे त्याचे मत होते. त्यामुळे तिला सुई टोचली तर झटके येतील, माणूस दगावेल, ही भीती त्याच्या नावाबरोबर पुढे गेली. जखमेतून धनुर्वात होऊन माणसे मरत होतीच, म्हणून भीतीला पुरावाही मिळाल्यासारखे वाटे. मग कंडरा तशीच सोडून वरची कातडी जुळवायची, ही रीत झाली. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यात आजही कधी कधी जे घडते ते हेच. फरक इतकाच की तेव्हा त्याला सिद्धांताचा आधार होता.

आपल्या भूमीवर सुश्रुताने शब्दांची विभागणी जास्त नीट केली होती. सुश्रुतसंहितेत शिरा वेगळ्या, स्नायू वेगळे आणि कंडरा वेगळ्या मोजल्या आहेत. कंडरा सोळा आणि स्नायू नऊशे. तिथला ‘स्नायू’ म्हणजे आजच्या मराठीतला मांसल स्नायू नव्हे. तो बांधणारा, ताणणारा तंतू आहे, आणि मांसाला तिथे ‘पेशी’ म्हटले आहे. हाड, पेशी, शिरा किंवा सांधा यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा माणसाला जास्त घातक, असेही तो ग्रंथ सांगतो. टाक्यांचे चार प्रकार, सरळ आणि वाकड्या सुया, शिवायला लागणाऱ्या दोऱ्यांची यादी, हे सगळे त्यात आहे. त्या यादीत ताग आहे, झाडाच्या सालीचे धागे आहेत, केस आहेत आणि जनावराचा स्नायूतंतूही आहे. म्हणजे कंडरेसारखा चिवट तंतू शिवण्याचा दोरा म्हणून वापरात होता. तुटलेली कंडराच त्याने शिवावी, असा स्पष्ट विधी मात्र तिथे आहे असा दावा मी करणार नाही. जे लिहिले आहे तेच पुरेसे मोठे आहे.

हा ग्रंथ बगदादला पोहोचला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते. आठव्या शतकाच्या अखेरीस हारून अल-रशीदच्या काळात बरमकी घराण्यातल्या याह्या इब्न खालिदने मनका नावाच्या भारतीय वैद्याकडून सुश्रुत अरबीत आणवला. पुढे अल-राझी आपल्या लेखनात सुश्रुताचा हवाला देतो. गेलन सीरियाक आणि अरबी भाषांतून आला, सुश्रुत सिंधूपलीकडून आला, आणि बगदादच्या वैद्यांसमोर दोघांची पुस्तके होती. ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ ज्ञान अशी आज जी वाटणी होते ती त्या लोकांना समजलीच नसती.

याच परंपरेतून कुर्तुब्याचा अल-झहरावी आला. सुमारे १०१३ साली तो वारला. ‘अत्तस्रीफ’ या त्याच्या ग्रंथाचे तीस भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे, हत्यारांच्या चित्रांसकट. आतडे शिवायला जनावराच्या आतड्याचाच पिळलेला दोरा वापरता येतो, हे त्याने नोंदवले. मुंग्यांच्या जबड्यांनी आतड्याच्या कडा जुळवण्याची युक्तीही त्याच्याकडे आहे आणि ती सुश्रुताकडेही आहे. आतड्याचा दोरा ऐकून नवल वाटायचे कारण नाही. आपल्या गावातल्या पिंजाऱ्यांच्या कमानीला जी तात असे ती आतड्याचीच. बकऱ्या-मेंढ्यांची आतडी साफ करून, पिळून, ताणून वाळवलेली. कापसावर ती दिवसभर दणदणायची आणि तुटत नसे. नदाफ-मन्सुरी घरांमध्ये जे कसब रोजच्या पोटापाण्यासाठी होते त्याच वस्तूचा उपयोग शस्त्रवैद्याने केला. जोसेफ लिस्टरने १८६९ साली कार्बोलिक आम्लात निर्जंतुक केलेली तात टाक्यांसाठी पुढे आणली आणि पुढची शंभरेक वर्षे ती जगभरच्या रुग्णालयांत वापरली गेली.

आता इब्न सिना. त्याचा ‘अल-कानून फित-तिब्ब’ सुमारे १०२५ साली पूर्ण झाला. कंडरा शिवण्याचा सल्ला देणारा पहिला वैद्य म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात त्याचे नाव घेतले जाते. अरबीत मज्जातंतूला ‘असब’ आणि कंडरेला ‘वतर’ म्हणतात. वतर म्हणजे धनुष्याची प्रत्यंचा, वाद्याची तार. नाव वेगळे आहे आणि नावातच काम सांगितले आहे: ताण पेलणारी दोरी.

इथे आपल्याला थोडे सावध व्हावे लागते. आपल्या मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत इब्न सिनाने सगळेच शोधून काढलेले असते. प्रत्यक्षात कंडरेच्या रचनेबद्दल कानूनमध्ये जे आहे ते बरेचसे गेलनचेच आहे. वतर ही असब आणि अस्थिबंध यांच्या धाग्यांतून होते, असे तोही मानतो. म्हणजे सिद्धांत जुनाच राहिला, पण उपचारात तो भीतीपुढे थांबला नाही. मला यातच त्याचे मोठेपण दिसते. पूर्ण बरोबर असलेला माणूस इतिहासात सापडत नाही. चुकीचा सिद्धांत हाती असतानाही रोग्याच्या हाताकडे पाहून निर्णय घेणारा माणूस मात्र सापडतो.

बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने कानून लॅटिनमध्ये नेला. सालिचेतोचा विल्यम, लांफ्रांक, गी द शोलियाक या इटलीतल्या आणि फ्रान्समधल्या शस्त्रवैद्यांकडे शिवण्याचा पक्ष गेला. तरी युरोपातले बहुसंख्य वैद्य शतकानुशतके गेलनच्या नावाने थांबून राहिले. तो वाद मिटवला तो प्रयोगाने. १७५२ साली अल्ब्रेख्त फॉन हालर याने जनावरांच्या कंडरांना टोचून, कापून, भाजून पाहिले आणि दाखवले की कंडरेला वेदना नाही. झटके येण्याची भीती निराधार होती. सुईने मरण येत नव्हते. मरण घाणीने येत होते, आणि ते कळायला आणखी शंभर वर्षे लागली.

आपला जिल्हा या काळात निजामाच्या राज्यात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ साली पुन्हा धाराशिव. नावाच्या वादात एक गोष्ट बाजूला पडते. १९१७ साली हैदराबादेत भाषांतराचे खाते, ‘दारुल तर्जुमा’, सुरू झाले आणि दुसऱ्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. तिथे पुढे वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतल्या शब्दांसाठी तिथे अरबी-फारसी घडणीचे प्रतिशब्द वापरात आले. ‘असब’ आणि ‘वतर’ हा भेद उर्दूतही होता आणि आहे. म्हणजे मज्जातंतू आणि कंडरा यांना वेगळी नावे देणारी वैद्यकीय भाषा आपल्या आजोबांच्या राज्यात वर्गात शिकवली जात होती, आणि मराठी-संस्कृत परंपरेतही कंडरा हा शब्द तयार होता. बोलीत मात्र ना वतर उतरली ना कंडरा. ‘शीर’ आणि ‘नस’ तेवढी राहिली.

शिवायचे ठरल्यावर खरा प्रश्न सुरू होतो: टाका टिकेल का? कडब्याची पेंढी डोळ्यासमोर आणा. सगळी धाटे एकाच दिशेला लांब असतात. दोन पेंढ्या टोकाला टोक लावून जोडायच्या असतील आणि तुम्ही धाटांच्या मधून सरळ सुतळी ओवली, तर ओढताच ती धाटांच्या फटीतून सरकत बाहेर येईल. कंडरेचे तसेच आहे. तिचे तंतू लांबीला समांतर असतात. साधा टाका ताण आला की तंतू फाकवत निघून येतो. म्हणून दोऱ्याने काही तंतूंना वेढा घालून गाठीसारखे धरावे लागते. अशी वेढ्याची रचना किर्शमायर याने १९१७ साली मांडली. केसलर आणि निसिम यांनी १९६९ साली बोटाच्या कंडरांसाठी आपली पद्धत प्रसिद्ध केली. केसलरचा टाका, त्याच्या सुधारलेल्या रूपांत, आजही जगभर शिकवला जातो.

पण मधल्या काळात एक मोठी अडचण होती. तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेऱ्यापर्यंतच्या भागात दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात, एक दुसरीच्या आरपार. तिथे शिवले की सूज येते, सगळे एकमेकांना चिकटते आणि बोट कायमचे आखडते. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले. पहिल्या महायुद्धात दोन सैन्यांच्या खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीचे हे नाव. त्यांचा सल्ला असा की इथे लगेच शिवू नका, कातडी बंद करा आणि नंतर दुसरीकडची कंडरा आणून कलम करा. तो त्या काळच्या अनुभवावर आधारलेला होता. नवशिक्या हातांनी केलेल्या टाक्यांचे निकाल खरोखर वाईट होते.

१९४१ साली मेसन आणि अॅलन यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मोजून दाखवले की शिवलेली कंडरा पहिल्या काही दिवसांत आणखी कमजोर होते आणि मग हळूहळू ताकद धरते. टाका सगळ्यात दुबळा असतो तेव्हाच सूज सगळ्यात जास्त असते. म्हणून तीन-चार आठवडे हात बांधून ठेवण्याची रीत पक्की झाली. पण बांधून ठेवलेले बोट चिकटते. हलवले तर टाका तुटतो, न हलवले तर बोट आखडते, असा हा पेच होता.

तो फोडला १९६० च्या दशकात. लोझानचे क्लोद वेर्दाँ आणि अमेरिकेतल्या लुईव्हिलचे हॅरल्ड क्लायनर्ट यांनी त्या निषिद्ध भागातही लगेच शिवून चांगले निकाल दाखवले. क्लायनर्ट यांनी १९६७ साली ते मांडले तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. त्यांची युक्ती साधी होती. नखाला रबर बँड लावायचा. रोगी बोट सरळ करतो, रबर ते परत वाकवतो. शिवलेली कंडरा नळीत सरकत राहते, पण तिला स्वतः ओढावे लागत नाही.

पुढचा टप्पा ताकदीचा. बोट हलवताना कंडरेवर नेमका किती ताण येतो हे शुइंड आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. मनगटाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी जिवंत माणसांच्या कंडरांवरच तो मोजला होता. दुसऱ्याने बोट हलवले तर सुमारे ०.९ किलोपर्यंत. रोग्याने स्वतः, कशालाही न धरता वाकवले तर ३.५ किलोपर्यंत. चिमटीत जोराने धरले तर १२ किलोपर्यंत. आता जुना, कंडरेच्या आरपार दोन दोरे जाणारा टाका पाहा. त्याची ताकद ढोबळमानाने दोन-तीन किलो, आणि पहिल्या दिवसांत ती घटते. म्हणजे तो दुसऱ्याने बोट हलवण्याइतकाच पुरतो. स्वतः वाकवण्याच्या भाराला तो अपुरा आहे.

उपाय म्हणून जोडातून जाणारे दोरे वाढवले गेले. चार, सहा, आठ. १९८५ साली सॅव्हेज यांनी सहा दोऱ्यांचा टाका मांडला. ताकद साधारण दोऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. जाड दोरा आणि कडेने घातलेली बारीक शिलाई आणखी भर घालते. मात्र टाका जितका गुंतागुंतीचा तितका जोड जाड होतो, नळीत घासतो, आणि कंडरेला हाताळणीची इजाही वाढते. शिवाय जोडात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट पडली तर नंतरच्या आठवड्यांत अपेक्षित ताकद येत नाही, हे गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले. म्हणून आज अनेक शल्यचिकित्सक किमान चार दोऱ्यांचा टाका घालतात आणि काही दिवसांतच रोग्याला स्वतः हळूहळू बोट हलवायला लावतात.

कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांनी यात आणखी एक भर घातली. पूर्ण भूल न देता, फक्त हात बधिर करून, अॅड्रेनलिनच्या इंजेक्शनने रक्तस्राव थांबवून शिवायचे. रोगी जागा असतो. टाका झाला की त्याला टेबलावरच बोट वाकवायला सांगतात आणि फट पडते का ते डोळ्यांनी पाहतात. बोटात अॅड्रेनलिन दिले तर बोट सडते, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जात होते. ती भीतीही जुन्या काळच्या आम्लधर्मी बधिरकाच्या इंजेक्शनांतून आलेली निघाली. लालोंड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ३,११० रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. एकाचेही बोट गेले नव्हते. गेलनच्या नावाने चाललेल्या मनाईचीच ही लहान आवृत्ती. भूलतज्ज्ञ सहज मिळत नाही अशा भागांसाठी ही पद्धत किती मोलाची आहे, हे धाराशिवच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

आता आपल्या कोयत्याकडे येऊ. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊस तोडायला निघतात. डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्याने घाव घालायचा. घाव चुकला तर डावा हात समोर असतो. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. एकाचा हात बंद झाला की अख्खा कोयता थांबतो आणि खाडा अंगावर पडतो. यांत मराठा, वंजारी, दलित, भटके आहेत, आणि मुसलमान घरेही आहेत.

कंडरेच्या टाक्याला जात-धर्म नाही, पण त्याला वेळ लागतो. सगळ्यात चांगला, सहा दोऱ्यांचा, उत्तम हातांनी घातलेला टाकाही जड काम पेलण्याइतका व्हायला साधारण बारा आठवडे घेतो. म्हणजे ऊसतोडीचा निम्मा हंगाम. हजार वर्षांत शिवायचे की नाही हा वाद संपला आणि टाका कित्येक पटींनी मजबूत झाला. हे बारा आठवडे मात्र फार कमी झालेले नाहीत. शरीराला जे दिवस लागतात ते दिवस माणसाला द्यायचे कुणी, हा प्रश्न शल्यचिकित्सकाच्या हातातला नाही. तो मुकादमाचा, कारखान्याचा, सरकारचा आणि आपल्या जमातींचा आहे. जकात-सदक्याच्या पैशातून औषधाचे बिल भरणारी माणसे आपल्याकडे आहेत. अशा घराला तीन महिन्यांचे रेशन देणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे ध्यानात घेतले तर एखादा हात वाचेल. कारण पाचव्या आठवड्यात घरातले पीठ संपते आणि माणूस पट्टी काढून कामावर जातो, तेव्हाच टाका तुटतो.

आणि त्याआधी पहिल्याच दिवशी एक गोष्ट करता येते. हाताला खोल जखम झाली असेल तर पट्टी बांधून घेण्याआधी प्रत्येक बोटाचे टोक वेगवेगळे वाकते का, सरळ होते का, आणि टोकाला स्पर्श कळतो का, हे पाहायला सांगा. वाकत नसेल तर नुसती कातडी शिवून समाधान मानू नका. पहिल्या काही दिवसांत शिवलेल्या कंडरेचा निकाल चांगला असतो. दोन-तीन आठवडे उलटले की तुटलेले टोक आत ओढले जाते, नळी मिटते, आणि साध्या टाक्याचे काम कलमावर जाते. म्हणून दवाखान्यात गेल्यावर “शीर तुटली” एवढेच सांगून थांबू नका. “बोटाचे टोक वाकत नाही, कंडरा तपासा,” असे म्हणा.